वेगळ्या राज्याच्या ठरावाला बायकांची कलमे

(वऱ्हाडातील महिला मंडळे, बचत गट आणि पंचायत सदस्या यांच्या अमरावती येथील शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दुपारच्या सत्रात आपल्यापुढे एक ठराव येणार आहे. विदर्भाचे वेगळे राज्य झाले पाहिजे आणि वऱ्हाडातल्या स्त्री संघटनांनी या मागणीला जाहीर पाठिंबा द्यावा, असा तो ठराव आहे. सकाळपासून चहाच्या वेळी, जेवणाच्या पंगतीत त्याच्यावरच बोलणे चालले आहे. अकोल्याहून आलेल्या काही जणींचे म्हणणे आहे की आता अजिबात थांबायचे नाही. अमरावतीच्या काही जणींना वाटते की हा पुरुष पुढाऱ्यांचा खेळ आहे, आपण त्यात का पडावे? दर्यापूरकडची एक मावशी मला म्हणाली, "ताई, मुंबई काय न् नागपूर काय, आमाले तं तहसीलच दूर हाय." माझ्या मते मावशीने आपल्या चर्चेचा मुद्दाच सांगून टाकला.

मी समाजकार्याचे शिक्षण घेतले आणि गेली काही वर्षे या दोन जिल्ह्यांतल्या गावांत बायकांच्या गटांबरोबर काम करते आहे. राजकारणाची मी अभ्यासक नाही. पण सत्ता वरून खाली येते तेव्हा ती कोणत्या पायरीवर येऊन थांबते, हे कामाच्या निमित्ताने रोज दिसते. त्याबद्दल मला बोलायचे आहे. माझे म्हणणे आधीच सांगते, म्हणजे गैरसमज नको. ठराव फेटाळा असे मी म्हणणार नाही. पण तो आहे तसा मंजूर करू नका. त्यात आपली कलमे घाला, आणि मगच हात वर करा.

तक्रार खरी आहे

आधी वऱ्हाडाची तक्रार नीट समजून घेऊ. आपल्या तरुण मुलींना ही हकिकत शाळेत कोणी सांगत नाही.

वऱ्हाड हा निजामाचा मुलूख. फौजेच्या खर्चापोटी १८५३ मध्ये निजामाने तो इंग्रजांच्या हवाली केला. १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बदल्यात तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला आणि पुढच्याच वर्षी मध्य प्रांताला जोडला गेला. जमीन पट्ट्याने द्यावी तसा अख्खा मुलूख दिला गेला. त्यातल्या माणसांना कोणी विचारले नाही. बायकांना तर नाहीच नाही.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, ८ ऑगस्ट १९४७ रोजी, अकोला करार झाला. संयुक्त महाराष्ट्राचा एक प्रांत करायचा, पण त्यात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत ठेवायचे, आणि ते जमले नाही तर महाविदर्भ वेगळा, असा त्याचा आशय होता. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी आणि यवतमाळचे बापूजी अणे ही वेगळ्या विदर्भाची बाजू मांडणारी आपल्याकडची मोठी माणसे. पुढे २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा, लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्या, शिक्षणसंस्थांत जागा, आणि वर्षातून एक अधिवेशन नागपुरात, अशी आश्वासने त्यात आहेत. १९५५ मध्ये फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने तर आठ जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य करावे अशी शिफारसच केली होती. ती मानली गेली नाही. १९५६ मध्ये आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आलो.

मग करार पाळला गेला का? अधिवेशन होते, पण बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत उरकते. करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ साली, हिवाळी अधिवेशनसुद्धा मुंबईतच झाले. पैशाचा हिशोब १९८४ मध्ये दांडेकर समितीने मांडला. राज्याच्या सरासरीच्या मानाने मागे राहिलेल्या जिल्ह्यांचा अनुशेष त्या समितीने ३१८६ कोटी रुपये काढला, आणि त्यातला जवळजवळ चाळीस टक्के एकट्या विदर्भाचा होता. १९९४ मध्ये घटनेच्या ३७१(२) कलमाखाली वैधानिक विकास मंडळे आली. राज्यपालांकडे निधी वाटपाची विशेष जबाबदारी आली. तरी अमरावती विभागातल्या अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा या चार जिल्ह्यांचा सिंचनाचा अनुशेष दशकानुदशके कागदावर चालतच राहिला. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. ती पुन्हा नेमण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाला घ्यायला सप्टेंबर २०२२ उजाडला.

म्हणजे तक्रार खरी आहे. ती कोणा पुढाऱ्याच्या मनातून निघालेली नाही.

अनुशेष कोणाच्या डोक्यावर

पण हा अनुशेष मोजला कसा, ते पाहा. सिंचन हेक्टरमध्ये मोजले, रस्ते किलोमीटरमध्ये, कृषिपंप संख्येत, दवाखाने खाटांमध्ये. या सगळ्या मोजमापात बाईच्या डोक्यावरचा हंडा कुठेच मोजलेला नाही.

आपल्याकडे पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, भातकुली, अंजनगाव, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, तिकडे शेगाव-संग्रामपूरपर्यंत. विहीर खणली तर खारे पाणी लागते. पिकाला चालत नाही, पिण्याला चालत नाही, डाळसुद्धा शिजत नाही. किडनीच्या दुखण्याने घरेच्या घरे खचलेली तुम्ही पाहिली आहेत. या पट्ट्यात मुलगी द्यायची की नाही, याचा विचार होतो. गोडे पाणी आणायला जाणारी बाई दिवसाचे किती तास घालवते, त्यामुळे तिची किती मजुरी बुडते, मोठ्या मुलीची शाळा किती दिवस बुडते, हा खरा अनुशेष. तो कोणत्याच समितीच्या तक्त्यात आला नाही, कारण तक्ता भरणाऱ्यांच्या घरी पाणी दुसरेच कोणी भरत होते.

आणि पाण्याचा निर्णय प्रत्येक वेळी मुंबईतच अडतो असेही नाही. वानच्या धरणाचे पाणी तेल्हारा-अकोटच्या शेतीला राखायचे की दूरच्या पाणीपुरवठा योजनांना द्यायचे, यावर अकोला जिल्ह्यातच मोर्चे निघाले. दोन्ही बाजूंची गरज खरी. दोन्ही बाजूंच्या बैठकांत मात्र बोलणारे पुरुष. शेतीचे पाणी म्हणजे पुरुषांचा विषय आणि पिण्याचे पाणी म्हणजे बायकांचे गाऱ्हाणे, अशी वाटणी तिथे आपोआप होते. उद्या राजधानी नागपूरला आली तरी ही वाटणी बदलणार आहे का, हा माझा प्रश्न आहे.

राज्य झाले म्हणजे झाले का?

वेगळे राज्य मागणारे आपले भाऊ म्हणतात, आधी राज्य येऊ द्या, मग बायकांचे पाहू. हे वाक्य आपण फार वेळा ऐकले आहे. आधी स्वातंत्र्य, मग बायकांचे. आधी क्रांती, मग बायकांचे. म्हणून ज्यांना राज्य मिळाले त्यांच्याकडे पाहू.

उत्तराखंडच्या आंदोलनात डोंगरातल्या बायका सर्वांत पुढे होत्या. २ ऑक्टोबर १९९४ च्या पहाटे दिल्लीकडे निघालेल्या आंदोलकांना मुझफ्फरनगरजवळ रामपूर तिराहा येथे पोलिसांनी अडवले. गोळीबार झाला, बायकांवर बलात्कार झाले. राज्य ९ नोव्हेंबर २००० रोजी झाले. बलात्काराच्या एका खटल्यात दोन माजी पोलिसांना जन्मठेप झाली ती मार्च २०२४ मध्ये. राज्य सहा वर्षांत मिळाले. न्यायाचा पहिला तुकडा मिळायला साडेएकोणतीस वर्षे लागली.

तेलंगणाच्या लढ्यातही बायका रस्त्यावर होत्या. २ जून २०१४ रोजी राज्य झाले. सप्टेंबर २०१९ पर्यंत त्या नव्या राज्याच्या मंत्रिमंडळात एकही स्त्री नव्हती. एकही नाही!

आपल्याच घरचे उदाहरण घ्या. पुसदचे वसंतराव नाईक हे वऱ्हाडचे. १९६३ ते १९७५ ते मुख्यमंत्री होते. जिल्हा परिषदांची रचना ज्या समितीच्या अहवालावर उभी राहिली, तिचेही तेच अध्यक्ष होते. अमरावतीतून लोकसभेवर गेलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या. आपल्या भागाचा माणूस वर बसला, आपल्या भागाची बाईसुद्धा वर बसली. खुर्चीवर कोण हे महत्त्वाचे आहेच. पण निर्णय कुठे होतो, पैसा कोणाच्या सहीने निघतो आणि त्या टेबलाभोवती कोण बसते, हे बदलल्याशिवाय खारपाणपट्ट्यातल्या बाईपर्यंत काही पोचत नाही.

आणखी एक गोष्ट. पूर्व विदर्भ आणि पश्चिम विदर्भ एकसारखे नाहीत. अनुशेषाच्या बाबतीत अमरावती विभाग नागपूर विभागाच्या मागे राहिला, ही आपली जुनी बोच आहे. मुंबईला जे आपण विचारतो, तेच उद्या नागपूरला विचारावे लागेल. ते विचारण्याची सोय नव्या राज्याच्या घडणीतच असली पाहिजे.

नकाशा काढतानाच आत शिरायचे

मग आपण करायचे काय? बाहेरचे एक उदाहरण सांगते. ब्रिटनमध्ये स्कॉटलंड आणि वेल्स या प्रदेशांनी लंडनकडून सत्ता मागितली. स्कॉटलंडमध्ये १९८९ पासून एक मोठी परिषद भरत होती. नव्या सभागृहाची रचना कशी असावी यावर तिथे वर्षानुवर्षे चर्चा झाली. तिथल्या स्त्री संघटना आणि कामगार संघटनांतल्या बायका त्या चर्चेत सुरुवातीलाच शिरल्या. त्यांनी निम्म्या जागांची मागणी केली. सभागृहाच्या वेळा घरदार सांभाळणाऱ्यांना झेपतील अशा ठेवा, शाळेच्या सुट्ट्या पाहून कामकाजाचे दिवस ठरवा, असे सांगितले. १९९९ मध्ये पहिली निवडणूक झाली तेव्हा १२९ पैकी ४८ बायका निवडून आल्या. वेल्सच्या सभागृहात २००३ मध्ये ६० पैकी ३० बायका होत्या, बरोबर निम्म्या. त्या वेळी लंडनच्या संसदेत बायका पाचव्या हिश्श्याहूनही कमी होत्या.

सगळे काही छान झाले असे मी म्हणत नाही. पण तेलंगणा आणि वेल्स यांत जो फरक दिसतो, तो बायका लढल्या की नाही याचा नाही. लढल्या तर दोन्हीकडे. फरक असा की एकीकडे बायका मोर्चात होत्या आणि दुसरीकडे मसुदा लिहिणाऱ्यांतही होत्या. पक्षांनी उमेदवारीचे नियम त्यांच्या दबावाने आधीच बदलले.

आणि हे फक्त गोऱ्या बायकांनाच सुचते असे समजू नका. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे बोलले. हजारो बायका आल्या होत्या. त्या परिषदेच्या अध्यक्षा कोण होत्या? आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार बायकांना रजा, मुलींना वसतिगृहे, असे ठराव त्या परिषदेने केले. कायदेमंडळांत आणि इतर लोकनियुक्त संस्थांत आपल्या बायकांना जागा हव्यात, असेही त्यांनी सांगितले. देशाची घटना लिहायला अजून कोणी बसलेही नव्हते. पंचायतीत बायकांना जागा राखणारी ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, म्हणजे पन्नास वर्षांनी. ठराव कसा लिहावा हे आपल्याला आपल्याच आजीकडून शिकता येईल.

गावाच्या पायऱ्या

आता खालच्या पायऱ्यांकडे या. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. १९९० मध्ये राज्याने बायकांसाठी तीस टक्के जागा ठेवल्या, मग घटनादुरुस्तीनंतर एक तृतीयांश झाल्या, २०११ पासून निम्म्या. या मांडवात बसलेल्या कित्येक जणी त्यामुळेच सरपंच आणि सदस्या झाल्या आहेत. हा आपला मोठा विजय आहे.

पण दिलेली सत्ता परतही घेता येते. मार्च २०२२ मध्ये अमरावती जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक बसला. राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत असेच झाले. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की निवडणुका घ्या. तीन वर्षांहून अधिक काळ जिल्ह्याच्या पातळीवर निवडून आलेली एकही बाई नव्हती. निवडून आलेला एकही पुरुषही नव्हता म्हणा, पण पुरुषाला आमदाराच्या बंगल्यावर, ठेकेदाराच्या गाडीत, पक्षाच्या कचेरीत जागा असते. बाईला जी एक जागा होती ती सभागृहातली, आणि तीच बंद होती. वेगळे राज्य मागणाऱ्या किती पुढाऱ्यांनी यावर रान उठवले?

दुसरी गोष्ट दोन अपत्यांच्या अटीची. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले तर पंचायतीचे पद जाते. मुले किती व्हावीत हे ज्या घरात बाईच्या हातात नाही, तिथे पद मात्र तिचे जाते. मुलगा हवा म्हणून तिसऱ्यांदा दिवस गेलेली सून सासूच्या सांगण्यावरून गप्प बसते, आणि विरोधी गट जन्माचा दाखला घेऊन कलेक्टर कचेरीत जातो. लोकसभा आणि विधानसभेच्या सदस्यांना ही अट नाही. गावच्या बाईला आहे.

तिसरी गोष्ट सहीची. अकोट भागातली एक सदस्या मला म्हणाली, "अंगठा मारा म्हनलं, मारला. कायचा कागद होता, मले नाही ठाऊक." तिला हसू नका. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर आला. त्यातला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. म्हणजे ज्या कामाचा भार बायका वाहतात, त्याच कामाचा पैसा. पण आराखडा कुठे बसून लिहिला? ग्रामसेवकाच्या टेबलावर, सरपंचपतीच्या समोर. सत्ता दिल्लीहून निघाली, मुंबईत न थांबता थेट गावात आली, आणि पंचायतीच्या दाराशी नवऱ्याच्या खिशात गेली.

आपल्या हातात काय आहे

हे सगळे ऐकून हात टेकायचे नाहीत. कायद्याने काही गोष्टी आपल्याला दिल्या आहेत. त्या वापरल्या तर सत्ता दारातून आत येते.

पहिली, महिलांची सभा. नियमित ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायकांची वेगळी सभा घ्यावी, असे आपल्या राज्याचा कायदा सांगतो. तिथले ठराव ग्रामसभेपुढे ठेवावे लागतात. बहुतेक गावांत ती कागदावर होते, रजिस्टर घरोघर फिरवून सह्या गोळा केल्या जातात. ग्रामसभेला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार लागतात, पण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणून पहिली सभा मुद्दाम मोडतात आणि दुसरी दहा जणांत उरकतात. यावर उपाय एकच. पहिल्याच सभेला शंभर बायका नेऊन बसवायच्या.

दुसरी, आडवी बाटली. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी अर्ज केला तर परवान्याच्या दारू दुकानावर गुप्त मतदान घ्यावे लागते. पण दुकान बंद व्हायला नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात. जी बाई मजुरीला गेली, जी बाळंतीण माहेरी आहे, जी मरून यादीत राहिली आहे, ती सगळी दुकानदाराच्या बाजूने मोजली जाते. या मापाने किती आमदार निवडून येतील? हा नियम बदला, झालेल्या मतदानातले बहुमत धरा, ही मागणी आपल्या ठरावात आली पाहिजे. तरीही बायकांनी दुकाने बंद पाडली आहेत. जिथे निर्णय खरोखर बायकांच्या हाती येतो तिथे त्या काय निवडतात, ते यातून कळते.

तिसरी, जंगलाची ग्रामसभा. धारणी आणि चिखलदरा हे आपले अनुसूचित क्षेत्रातले तालुके. १९९६ चा पेसा कायदा तिथे लागू आहे, राज्याचे नियम २०१४ मध्ये झाले, आणि २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळू लागला. गौण वनोपज, दारू, सावकारी यांवर तिथे ग्रामसभेचा शब्द चालतो. मेळघाटच्या पायथ्याशी अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर गावाला २०१२ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला. गावाने उजाड टेकड्या राखल्या, सीताफळ स्वतः विकले, आणि २०१४ मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. वेगळ्या राज्याची वाट न पाहता एका गावाने आपले छोटे राज्य चालवून दाखवले.

आता शेवटची पायरी, घराची. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी आपण सगळ्याच जाऊन आलो आहोत. एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र, हे कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते. ती जिल्ह्यातच बसते, मुंबईत नाही. तरीही विधवेला कागद जमवत फिरावे लागते. सातबारा सासऱ्याच्या नावावर, कर्ज सावकाराचे, म्हणून प्रकरण अपात्र. तिच्या नावावर ना जमीन, ना घर, ना विहीर. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने १९८६ मध्ये चांदवडला बायकांचा प्रश्न शेतकऱ्यांपुढे मांडला आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात नवऱ्यांनी बायकोच्या नावावर जमिनी केल्या. तो कार्यक्रम मागे पडला, पण गरज तशीच आहे. जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीला महिना दीड हजार मिळू लागले. गरिबाच्या घरी त्या पैशाची किंमत मला ठाऊक आहे, मी त्याला नावे ठेवणार नाही. पण ओवाळणी भावाच्या मर्जीवर असते आणि सातबारावरचे नाव तलाठ्यालाही सहजासहजी खोडता येत नाही. हक्क आणि ओवाळणी यांतला हा फरक विसरू नका.

आपली कलमे

वेगळे राज्य करण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेला आहे. राज्याच्या विधिमंडळाचे फक्त मत मागवले जाते. म्हणजे विदर्भ होणार की नाही हे दिल्लीत ठरेल, कधी ठरेल ते आपल्याला सांगता येणार नाही. पण मागणीत काय लिहायचे हे आज इथे आपण ठरवू शकतो. म्हणून ठरावाला मी पाच कलमे सुचवते.

एक. नव्या राज्याच्या विधानसभेत पहिल्याच निवडणुकीपासून बायकांना जागा हव्यात. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा दिल्या, पण जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेनंतर लागू होतील अशी अट घातली. आपण निम्म्या जागा मागू. आणि जो पक्ष वेगळ्या विदर्भाचे नाव घेतो, त्याने आजच्या निवडणुकांतच निम्म्या उमेदवाऱ्या बायकांना देऊन सुरुवात करावी.

दोन. निधीचे वाटप नागपूर आणि अमरावती विभागांत कायद्याने ठरलेल्या सूत्राने व्हावे. अनुशेष मोजताना पाणी आणण्याचा वेळ, बाळंतपणाची सोय, मुलींची शाळागळती हे निकष धरावेत. खारपाणपट्ट्याचा वेगळा हिशोब दरवर्षी सभागृहात मांडावा.

तीन. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची मुदत संपल्यावर सहा महिन्यांहून जास्त प्रशासक नको. पंचायतीतली दोन अपत्यांची अट रद्द व्हावी.

चार. महिलांच्या सभेला दात द्या. पाणी, रेशन, दारू आणि अंगणवाडी यांविषयीचा तिचा ठराव ग्रामसभेला लेखी कारणाशिवाय फेटाळता येऊ नये. आडव्या बाटलीचा नियम बदलावा.

पाच. घर आणि शेती दोघांच्या नावावर व्हावी. शेतकरी विधवेच्या मदतीच्या समितीत गावोगाव काम करणाऱ्या स्त्री कार्यकर्त्या असाव्यात आणि अपात्रतेचा निर्णय त्या बाईला समोर बोलावून, कारण सांगूनच व्हावा.

यातली तिसरी, चौथी आणि पाचवी मागणी आजच्या महाराष्ट्र सरकारकडेही करता येते. ती उद्यापासूनच करू या. राज्य कोणतेही असो, ती लागणारच आहेत.

कोणी म्हणेल की एवढी कलमे घातली तर मूळ मागणीचा जोर कमी होतो. मला उलटे वाटते. नागपूर करारातल्या आश्वासनांचे काय झाले ते आपण पाहिले. ज्यांच्यासाठी करार होतो ती माणसे तो वाचत नाहीत, विचारत नाहीत, तेव्हा करार कपाटात राहतो. ज्या मागणीत दर्यापूरच्या मावशीच्या हंड्याचे नाव आहे, ती मागणी मावशी स्वतः सांभाळेल.

आता चर्चेला सुरुवात करा. कलमांत काय कमी आहे, काय जास्त आहे, ते स्पष्ट बोला. ज्या जणींनी अजून तोंड उघडलेले नाही, त्यांनी आधी बोलावे. मत त्यानंतर घेऊ.